पाचशे रुपयांची पाटी

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि अंधेरीजवळचं मरोळ गाव समोर आणा. आजचं नव्हे, १९६८ सालचं. वेशीवरचा क्रूस, विहीर आणि पलीकडे भातशेत. दहा वर्षांची कार्मेन त्या शेताच्या बांधावर उभी आहे, आणि तिचे वडील गिल्बर्ट एका कारखानदाराला शेत दाखवताहेत. विकायला!

कशासाठी? तिच्या थोरल्या भावाला, फ्रेडीला, एका महागड्या खासगी कॉलेजात जायचं होतं. कॉलेजच्या फाटकावर पाटी होती : ‘आमच्या पदवीधरांचा सरासरी पहिला पगार पाचशे रुपये!’

संध्याकाळी घरात तोच विषय. चुलतभाऊ जॉनी कोपऱ्यात बसला होता. तो त्याच कॉलेजचा पदवीधर, पण वर्षभर बेकार. “आळशी कुठला!” गिल्बर्ट त्याला येताजाता टोमणा मारत.

कार्मेननं विचारलं, “जॉनीदादा, पाटीसाठी तू किती पगार सांगितलास?”

“मला कोण विचारतंय गं? कॉलेजनं माजी विद्यार्थ्यांचं जेवण ठेवलं, तिथे आलेल्यांनाच पगार विचारला. तिकीट पंधरा रुपये, अंगात सूट हवा. बेकार माणूस कुठल्या तोंडानं जाणार? गेले ते नोकरीवाले. वर संस्थाचालकांचा पुतण्या, काकाच्याच कंपनीत दोन हजारांवर!”

शाळेत शिकवणाऱ्या जोसेफीन मावशीनं चहाचा कप खाली ठेवला. “शी! लग्नाच्या पंगतीत उभं राहून विचारायचं, कोणी उपाशी आहे का? आणि मग पाटी लावायची, अख्खं गाव तृप्त आहे!”

“पण आकडा खोटा नाही ना?” गिल्बर्ट म्हणाले.

“खोटा नाही, म्हणून तर जास्त किळस येते! पुतण्याचे दोन हजार सगळ्यांच्या नावावर वाटले, की दोनशेवाला कारकूनही पाटीवर साहेब दिसतो. आणि हा जॉनी? हा तर त्यांच्या हिशेबात जन्मलाच नाही!”

फ्रेडीची मान खाली गेली. गिल्बर्ट जॉनीकडे वळले. “आणि मी याला आळशी म्हणत होतो! माझीच मला शिसारी येते रे, जॉनी.” ते उठले, चपला घातल्या आणि कारखानदाराला नकार कळवायला निघाले.

शिकावं जरूर, मित्रहो! पण कुणी सरासरी पुढे केली, की आधी विचारावं : कोणाकोणाला मोजलं, आणि कोणाला वगळलं?

आणि कार्मेन? दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना ती कॉलेजच्या फाटकाशी थांबली. दप्तरातून खडू काढला, टाचा उंचावल्या आणि पाटीखाली ठळक अक्षरांत लिहिलं : ‘जॉनीदादाला विचारलं का?’