माझ्या पाण्यात पडलेली मूठ

मित्रांनो, वरकुट्यातल्या एका शेतकऱ्याच्या घरी, ओसरीलगतच्या खोलीत मी उभी आहे. मी मासे ठेवायची काचेची टाकी, आता बरीच जुनी झाले आहे. माझ्या कडेला ओरखडा आहे आणि कोपऱ्यात क्षारांचा पांढरा डाग आहे. तो कितीही घासला तरी जात नाही.

माझे तरुणपण बारामतीच्या एका दवाखान्यात गेले. सुईला भिऊन रडणारी मुले माझ्या काचेला नाक लावून गप्प होत. पुढे दवाखाना दुसऱ्या इमारतीत गेला आणि मी मागच्या बोळात पडले. तिथून मला या घरच्या मुलाने, सूरजने, टेंपोत घालून गावी आणले. पण इथेही मासे आले नाहीत. त्याच्या आईने, म्हणजे प्रयागबाईंनी, माझ्यात बल्ब सोडून कोंबडीची पिल्ले वाढवली. त्यांची ऊब बरी वाटे. तरी पाण्याची आठवण येई.

ते पाणी मला सूरजच्या बायकोने, अनिताने दिले. तिला नुसते मासे नको होते, पाण्याखाली बाग हवी होती. तिने मला व्हिनेगर लावून घासले. तळाला शेतातली माती चाळून पातळ अंथरली, वर धुतलेली वाळू पसरली. माती उठू नये म्हणून वाळूवर ताटली ठेवून तिच्यावर हळूहळू पाणी सोडले. मग चिमट्याने एकेक रोप रोवले. काही रोपांची पाने फितीसारखी लांब होती, काहींची मेथीसारखी बारीक. मासे मात्र तिने लगेच सोडले नाहीत. पाणी आधी काही दिवस मुरावे लागते. सून नुसतं पाणी बघत बसलीया, असे प्रयागबाई शेजारणीला सांगत आणि हसत.

पाणी नितळ झाल्यावर गप्पी मासे आले. माझ्यात पुन्हा हालचाल झाली.

नव्या पाण्यात रोपांची जुनी पाने पिवळी पडतात, गळतात आणि मग नवी फुटतात. अनिताला हे ठाऊक होते. तिच्या सासऱ्यांना, रावजींना, ठाऊक नव्हते. त्यांची डाळिंबाची बाग गावात नावाजलेली. लोक रोगट पान खिशात घालून त्यांना दाखवायला येत. पिवळे पान दिसले की त्यांना चैन पडत नसे.

एका सकाळी खोलीत कोणी नसताना ते माझ्यापुढे वाकले. पोरी उपाशी हाईत बिचाऱ्या, असे रोपांकडे बघून पुटपुटले. मग ठिबकमधून बागेला देतात ते पांढरे खत त्यांनी मूठभर आणले आणि माझ्यात सोडले. फार मायेने सोडले. मला ओरडता आले असते तर मी गाव गोळा केला असता.

दुपारी अनिता रानातून आली तेव्हा मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. तिच्या हातातली पाटी तिथेच राहिली. तिने हवेचा पंप वाढवला, पाण्याचा वास घेतला. काही कळेना. काय पडले तेच ठाऊक नाही, तर उपाय कशावर करायचा? सकाळी प्रयागबाईंनी फरशी पुसली होती. अनिताचा संशय तिकडे गेला.

"आत्या, फिनेलचा हात पाण्यात बुडवला का?"

"तुझ्या डबक्यात मी कशाला हात घालू?"

"नुसतं इचारलं."

"नुसतं न्हाय. मीच मारलं, असं तुझं तोंड सांगतंय."

बाहेर ओसरीवर रावजी सगळे ऐकत होते. ते उठले, एक वहाण पायात घातली, पुन्हा बसले. साऱ्या गावाला खताचे सल्ले देणारा माणूस. आत एक मासा आडवा झाला. प्रयागबाईंनी पिशवीत लुगडे कोंबले. त्या पिंपळीला लेकीकडे निघाल्या होत्या. त्या उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि मी रावजींकडे पाहत राहिले. बोला हो, बोला.

"तिला बोलू नगंस, अनिता," रावजी म्हणाले. "मूठ माझी हाय."

"कसली मूठ, आबा?"

"खताची. पानं पिवळी पडली हुती."

अनिताने पदर खोचला. मग कामाला लागली. आता तिला काय करायचे ते कळले होते. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते, म्हणून गुरांच्या हौदातले विहिरीचे पाणी हवे होते. रावजींनी स्वतः बादल्या वाहिल्या. निम्मे पाणी काढायचे, तेवढेच हळू भरायचे, मासे जरा निवले की पुन्हा तेच. अनिता मान खाली घालून म्हणाली, "आत्या, माझं चुकलं."

"चुकलं तर चुकलं. ती बादली हिकडं दे," प्रयागबाई म्हणाल्या आणि पाणी गाळायला त्यांनी पदरच धरला.

काही मासे वाचले, काही नाही वाचले. मेलेले मासे रावजींनी आपल्या हाताने उचलले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मित्रांनो, आमच्या पाण्यात काही टाकण्याआधी ज्याची टाकी आहे त्याला विचारा. आणि चुकून काही टाकलेच, तर लगेच सांगा, कुणी रागावले तरी सांगा. जीव गुदमरला की मासा तोंड उघडतो, पण त्याला सांगता येत नाही. मलाही येत नाही. तुम्हाला येते.