न पुसलेली बाटली

आमच्या संचालकांना प्रयोगशाळेत ‘फीतसाहेब’ म्हणतात. कापायला फीत नसेल, तर कोणतेही कार्य सुरू झाले यावर त्यांचा विश्वास बसत नाही. उद्या संशोधनाचे जहाज सुटणार, म्हणून आज त्यांनी धक्क्यावरच्या गोदामात निरोपसमारंभ योजला आणि शोभेसाठी टेबलावर समुद्राच्या पाण्याचे नमुने घ्यायच्या माझ्या बाटल्या मांडल्या. पिशव्या फाडून, झाकणे काढून, भांड्यांच्या तारेच्या घासणीने आतबाहेर लख्ख करून.

त्या बाटल्या लोहाचा अंशही राहू नये म्हणून कित्येक आठवडे आम्लात मुरत ठेवल्या होत्या. आमची प्रयोगशाळा ज्या बेटावर आहे, त्याच्याही खूप पलीकडे, जिथून कोणतीच जमीन जवळ नाही, तिथे समुद्राचा एक पट्टा दरवर्षी थोडे दिवस हिरवा होतो. हिरवे काही वाढायला लोह लागते. ते तिथे पोहोचते कसे, हे कोणालाच ठाऊक नाही. ते इतके अल्प असते, की बाटलीत गंजाचा कण गेला तर मोजमाप समुद्राचे न होता घासणीचे होते.

“मॅडम, चेहरा का पडला? आरशासारख्या केल्यात! पाण्यानं विसळून घ्या, झालं.”

“विसळते की,” मी म्हणाले. “आणि अहवालात लिहिते, महासागरात घासणी सापडली.”

फीतसाहेब मनमुराद हसले आणि हार आला का ते पाहायला गेले.

मला पोहोचवायला आलेली धाकटी बहीण बाकावर बसून सारे ऐकत होती. “ताई, एकही धड उरली नाही?”

मी खोके उपसले. तळाशी एक होती, पिशवी शाबूत. आम्लाने पिवळट पडल्यामुळे तिला टेबलावर मानाचे स्थान मिळाले नव्हते.

“नापास झाली म्हणून वाचली बिचारी,” बहीण म्हणाली. “आता हिच्यात कुठलं पाणी भरणार?”

प्रश्न इतका नेमका होता, की माझा संताप त्याच्यासाठी जरा सरकून बसला. बाटली एक, म्हणजे नमुनाही एकच. लोह वाऱ्यावरच्या धुळीतून येते, असे फीतसाहेबांनी स्वतः एकही नमुना न घेता दोन ग्रंथांत ठासून लिहिले आहे. ते तळाकडून वर येते, असा माझा तर्क.

“वरचं भर. सोपं पडेल.”

“वर लोह असणारच, त्याशिवाय पाणी हिरवं होईल का? पण ते आलं कुठून, हे त्यातून कळायचं नाही.”

“मग खालचं.”

“आणि खाली काहीच निघालं नाही तर?”

“तर तू तोंडघशी. ते तिसरा ग्रंथ लिहितील, आणि प्रस्तावना तुझ्याकडून घेतील.”

वरचे पाणी घेतले असते, तर फीतसाहेब आणि मी, दोघेही सेवानिवृत्तीपर्यंत आपापल्या मतात सुखाने बरोबर राहिलो असतो. मी पिशवीवर लिहिले: ‘तळाजवळ’.

मग बाटली छातीशी धरून जहाजावर चढले आणि पाण्यात दोर सोडायची यारी चालवणाऱ्या खलाशाला विचारले, “लोखंडी तार नको, दोर हवा. तळापर्यंत पुरेल एवढा आहे?”

“तळ किती खोल आहे तिथं?”

“अजून कुणी मोजलेला नाही.”

त्याने टोपी मागे सारली. “मग आहे तेवढा सगळाच घेऊ,” तो म्हणाला, आणि आम्ही दोघे दोराचे वेढे उलगडायला बसलो.