निळा म्हणजे काय गं?

मित्रांनो, जरा इकडे पाहा! खुर्चीच्या पाठीवर लोंबकळणारा, टोकाला उसवलेला तो जुना निळा मफलर आहे ना, तोच मी. वय झालंय, पण आज माझा आनंद गगनात मावत नाहीये!

नागपुरात गिरिजाबाईंनी मला विणलं, ते लेक धम्मशीला इंग्लंडला, कॉव्हेंट्रीला निघाली म्हणून. "कानाला वारा लागू देऊ नको गं," असं म्हणत त्यांनी मला तिच्या गळ्यात घातलं. सुरुवातीला काय थाट होता माझा! मग नवं जॅकेट आलं आणि माझी रवानगी कपाटात झाली. फार वाईट वाटलं.

धम्मशीला संशोधन करते, तेही कुठल्या युनिव्हर्सिटीशिवाय, स्वतःच्या हिमतीवर. भाषा बदलली की तोच रंग वेगळा वाटतो का, हा तिचा ध्यास. रंगीत कागद दाखवले की मुलं परीक्षा समजून बुजायची, म्हणून तिने मला बाहेर काढलं. पण इथल्या आपल्या कुठल्याही मराठी मुलाला विचारा, उत्तर एकच. ब्लू म्हणजे सॅड. काल ती वैतागून नवऱ्याला म्हणाली, "विक्रांत, उद्याही हेच आलं तर मी हे सगळं बंद करणार." म्हणजे मी पुन्हा कपाटात!

आज कम्युनिटी हॉलमध्ये छोट्या मायराची पाळी होती. धम्मशीलाने विचारलं, "व्हॉट डझ ब्लू फील लाइक?"

"सॅड."

झालं! धम्मशीलाने मला उचललं आणि जाता जाता सहज म्हणाली, "बरं बाळा, राहू दे. निळा आवडत नाही का गं तुला?"

मायरा ताडकन उठली. "निळा? निळा तर माझी फेव्हरेट आहे!" दोन-तीन मुलं फिसकन हसली, पण ती कसली थांबते! "निळा म्हणजे जयभीम! बाबासाहेबांची कोट! मिरवणूक, आणि खूप नाच!"

धम्मशीला जागीच थबकली. "अगं बाई! इतके दिवस मी सगळ्यांना इंग्लिशमध्येच विचारत बसले!" आणि मला गरागरा फिरवत तिने विक्रांतला फोन लावला. "अरे, बंद-बिंद काही नाही! आता सगळ्यांना पुन्हा मराठीत विचारायचंय!" माझे आणखी टाके उसवले. उसवू देत!

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. मराठी बोलताना कुणी 'माझा'ला 'माझी' म्हटलं, तर हसू नका. त्या हसण्याला घाबरून मायरा गप्प बसली असती, तर मी जन्मभर सॅडच राहिलो असतो.