ओवीनं बोलावलेली बदकं

चारुलताच्या माहेरी पाहुणे आले की पोरांना बाहेरच्या खोलीत बोलावून काहीतरी करून दाखवायला लावायची पद्धत होती. थोरली पाढे म्हणायची, चारुलता नाच करायची, आणि धाकट्या भावाला कान हलवता यायचे म्हणून तो दर पाहुण्यामागे एकदा कान हलवून बशीतली चकली पळवायचा. यात काही वावगं असेल असं तिला बेचाळीस वर्षांत कधी वाटलं नव्हतं. जर्मनीला येताना कुकर आणला, गोडा मसाला आणला, त्यातच ही सवयही आली. तिचं काही वजन नव्हतं, त्यामुळे विमानतळावर कुणी अडवलं नाही.

ओवीला करून दाखवण्यासारखं एकच येत होतं, आणि ते फार सुरेख येत होतं. बदकाचा आवाज.

त्यालाही कारण होतं. चार वर्षांपूर्वी निहारला वाल्डॉर्फला नोकरी लागली तेव्हा ओवी तीन वर्षांची होती. किटात, म्हणजे तिथल्या बालवाडीत, घातल्यावर तिनं तोंड मिटलं ते मिटलंच. घरात मराठी चुरूचुरू बोलायची, उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की मुकी. पाच महिने. किटातल्या बाईंनी दोनदा बोलावून घेतलं, डॉक्टरांचा पत्ता दिला. चारुलता तेव्हा अर्धा दिवस एका बेकरीत लागली होती. उरलेला पाव घेऊन ती रविवारी ओवीला कॉलनीमागच्या तळ्यावर न्यायची. एका म्हाताऱ्या बाईनं पाव घालू नका म्हणून पाटी दाखवून झापलं, तेव्हापासून ओट्सचा डबा नेऊ लागली. अशाच एका रविवारी एक मादी ओरडली आणि ओवीनं तिला उत्तर दिलं. घशातून, मोठ्यानं सुरू करून हळूहळू उतरत जाणारं, हुबेहूब. तळ्यातली सगळी बदकं माना वळवून बघायला लागली आणि चारुलता बाकावर बसून रडली. त्या परक्या देशात लेक पहिल्यांदा ज्यांच्याशी बोलली, ती ही मंडळी. जर्मन पुढच्या महिन्यात आलं, आणि आता तर इतकं आलं होतं की आईच्या मराठीला उत्तर जर्मनमध्ये मिळायचं. पण रविवारची हाक तशीच राहिली होती. ओवीनं हाक मारायची, बदकांनी यायचं.

होल्गर हा निहारचा टीम लीड. माणूस चांगला, हे आधीच सांगितलेलं बरं. या भागात परक्याला घर मिळणं किती अवघड ते तिथे राहिलेल्यालाच ठाऊक. होल्गरनं स्वतः घरमालकाला फोन करून ही माझी माणसं आहेत असं सांगितलं, म्हणून यांना बाल्कनीचं घर मिळालं. तर ऑक्टोबरात तो एकदा संध्याकाळी चहाला आला. कांदाभजी खाल्ली, आणखी मागून घेतली. आणि आईच्या तोंडून निघायचं ते निघालंच.

"ओवी, अंकलना बदक करून दाखव."

ओवीनं करून दाखवलं. होल्गरच्या हातातलं भजं हातातच राहिलं. पुन्हा एकदा, म्हणाला. दुसऱ्यांदा ऐकून त्यानं निहारकडे बघितलं आणि सांगितलं की वीस वर्षं बदकांना बोलवायची शिट्टी फुंकतोय, पण आपल्याला हे जमलं नाही. मग कळलं की त्याचं शिकारीचं एक तळं आहे, राइनच्या बाजूला, भाडेपट्ट्यानं घेतलेलं. नोव्हेंबरात तिथे तरुण शिकाऱ्यांचा दिवस असतो. सोळा वर्षांची दोन मुलं परवाना काढून पहिल्यांदा बंदूक धरणार होती, वडील मागे उभे राहणार होते. लहान मुलांनाही बोलावतात, त्यांना निसर्ग कळावा म्हणून. वाफल असतात, गरम पंच असतो. तुम्ही याच.

तो गेल्यावर चारुलतानं निहारला सरळ विचारलं, शिकार म्हणजे मारणार ना? निहार म्हणाला, अगं मुलं लांब असतात, वाफल खातात, आणि घर मिळवून दिलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं. शेवटचं तिला पटलं. पहिल्यावर विश्वास ठेवणं सोयीचं होतं, म्हणून ठेवला.

तर नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी सकाळी आठला ते त्या तळ्यावर पोचले. धुकं होतं, गवत ओलं होतं. सगळं फार व्यवस्थित. मुलं चार, प्रत्येकाला नारिंगी जाकीट, प्रत्येकाच्या कानावर आवाज अडवणारे जाड कर्णपट्टे, मुलींसाठी गुलाबी. होल्गरनं निहारला समजावून सांगितलं की छर्रे शिशाचे नाहीत, पोलादी आहेत, शिशानं पाणी विषारी होतं. बंदुका फक्त चार, त्याहून जास्त झाल्या तर पोरांच्या परवान्यात बसत नाही. कानांची, पाण्याची, कायद्याची काळजी घेतलेली होती. चारुलताला वाटलं, इतकी नीटनेटकी माणसं आहेत, काही वाईट कसं होईल. वाफलचं यंत्र गाडीच्या डिकीत तापत होतं आणि व्हॅनिलाचा वास सुटला होता.

बदकं आली, पण उंचावरून. दोनदा घिरटी घालून धुक्यात गेली. होल्गरनं शिट्टी फुंकली, ती कुणाच्या तरी सर्दीसारखी वाजली. सोळा वर्षांची पोरं कंटाळली होती, एक जण फोन बघत होता. तेव्हा होल्गर लव्हाळ्यांच्या आडोशातून मागे आला, ओवीपुढे गुडघ्यावर बसला, तिचा एक कर्णपट्टा हळूच बाजूला केला आणि म्हणाला, आता तू बोलाव. मग निहारकडे बघून हसत सांगितलं, आवाज मुद्रित करून वाजवायला कायद्यानं मनाई आहे, मुलीच्या गळ्याला नाही.

ओवीनं आईकडे पाहिलं.

आपल्याला तेव्हा कळलं नव्हतं, असं चारुलता पुढे बरेच दिवस स्वतःला सांगणार होती. पण कळलं होतं. सगळं कळून मान हलली, कारण समोर पाहुणे होते, लेकीचं कौतुक होत होतं, आणि ती मान लहानपणापासून तशीच हलत आलेली होती.

"दाखव ना," ती म्हणाली.

ओवीनं हाक मारली. मोठ्यानं सुरू करून उतरत जाणारी, रविवारची. धुक्यातून उत्तर आलं. तिनं पुन्हा मारली आणि आनंदानं आईचा हात ओढला. "झी कोमेन!" येतायत म्हणून. आणि ती खरंच आली, सात-आठ, वळून, खाली, पंख ताणून आणि पाय पुढे काढून, जशी ओळखीच्या ठिकाणी उतरतात तशी. होल्गरनं ओवीचा कर्णपट्टा परत नीट बसवला. तेवढी त्याला आठवण होती.

मग बार झाले.

पाच पडली. चार पाण्यात, ती कुत्र्यानं एकेक करून आणली. पाचवं चिखलात पडलं, मुलांपासून दहा पावलांवर, आणि एका पंखावर गोल गोल फिरत राहिलं. आवाज काहीच करत नव्हतं. होल्गरचा मुलगा माट्स नऊ वर्षांचा, तो धावला. होल्गरनं त्याला मागून दोन्ही हात धरून शिकवलं, मान अशी पकडायची, अंगाचं वजन असं फिरवायचं, झटक्यात. माट्सचा झटका कमी पडला. बदकाची चोच उघडली आणि उघडीच राहिली, गुलाबी जीभ दिसत होती, डोळा माट्सकडेच बघत होता. जमेल, जमेल, म्हणाला होल्गर, अगदी सायकल शिकवताना म्हणतात त्या सुरात. दुसऱ्यांदा काहीतरी मोडल्याचा बारीक आवाज आला. कुणाची तरी आई फोनवर चित्रण करत होती. टाळ्या वाजल्या. माट्स हसला, आणि हसता हसता हात पँटला पुसू लागला. हात कोरडे झाले तरी पुसतच होता, ते कुणी बघत नव्हतं. चारुलताच्या तोंडात मघाचा वाफल होता. तो तिला गिळवेना आणि थुंकायला जागा सापडेना. शेवटी कागदी रुमालात काढून खिशात ठेवला. घरी गेल्यावर तो कोट तिनं दोनदा धुतला.

एवढ्यानं संपतं तर ती कदाचित गप्पच बसली असती. पण मग कार्यक्रम झाला. गवतावर हिरव्या डहाळ्या अंथरल्या, त्यावर पाची बदकं ओळीनं मांडली, सगळी उजव्या कुशीवर, माना एका दिशेला. चादरीवर पापड वाळत घालावेत तशी निगुतीनं. एकानं शिंग फुंकलं. पुरुषांनी टोप्या काढल्या. मेलेल्यांना मान देतात, असं निहारनं कानात सांगितलं. बरं, म्हणजे मारायचं आणि मग टोपी काढायची. होल्गरनं एक डहाळी तोडली, एका बदकाच्या छातीला टेकवून ओली केली आणि टोपीवर आडवी ठेवून ओवीपुढे धरली. ती डहाळी ज्यानं मारलं त्याला देतात, पण आज हिला, कारण हिच्याशिवाय एकही आलं नसतं. सगळे हसून टाळ्या वाजवू लागले.

ओवीनं कर्णपट्टे गळ्यात ओढले. त्या ओळीकडे बघितलं. मग होल्गरला विचारलं, "हाब इश दी गेरूफन?" ह्यांना मी बोलावलं?

हो तर, तूच, म्हणाला होल्गर. प्रेमानं म्हणाला, आणि चारुलताला त्या प्रेमाचीच जास्त शिसारी आली.

तिनं पुढे होऊन ती डहाळी उचलली आणि परत त्या ओळीवर ठेवली. बोटाला लागलं ते चिकट होतं, अजून कोमट होतं. नाइन, म्हणाली, नाही. टाळ्या थांबल्या. निहारनं घाईनं माफी मागायला सुरुवात केली, एन्त्शुल्डिगुंग, हिला जरा बरं नाही, आणि तिला नवऱ्याचीही किळस वाटली, घरच्या माणसाची वाटते तितकी, म्हणजे पुष्कळ. होल्गर खरोखरच दुखावला होता. मांस कुठून येतं ते मुलांना कळायला नको का, त्यानं विचारलं, गेल्या महिन्यात ऑफिसात तुम्हीच चिकन करून आणलं होतं, मी दोनदा घेतलं.

खरं होतं. तिनं मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सावकाश शब्द जुळवले. चार वर्षं ती लोकांसमोर व्याकरणाला घाबरत आली होती, त्या दिवशी मात्र विभक्तीचा विचार तिला शिवला नाही.

"कोंबडी खाते मी. उद्याही खाईन. पण तिला माझ्या लेकीच्या तोंडून हाक मारून बोलावत नाही. तुझा मुलगा अजून हात पुसतोय, होल्गर, बघ त्याच्याकडे."

होल्गरनं बघितलं. माट्सनं हात पाठीमागे लपवले.

वाफलच्या यंत्राचा दिवा हिरवा झाला, तिथल्या बाईनं सवयीनं झाकण उघडलं.

गाडीत निहार म्हणाला, अगं निदान नंतर, एकीकडे घेऊन नीट सांगायचं होतंस. ती म्हणाली, तू सांग सोमवारी, नीट. आणि दाखव ना म्हणणारी मीच होते, तेही सांग त्याला. सिग्नलला थांबल्यावर निहारनं मागे हात करून ओवीचा पाय धरला, आणि हिरवा झाल्यावरही जरा वेळ धरूनच ठेवला. मागचा गाडीवाला हॉर्न वाजवेपर्यंत.

ओवी त्या दिवशी बोलली नाही. भात खाल्ला, आंघोळ केली, मराठीही नाही आणि जर्मनही नाही. चारुलता तिच्या शेजारी जागी पडून राहिली. पाच महिन्यांचा तो जुना मुकेपणा दारात येऊन उभा आहे असं तिला वाटत होतं, आणि या वेळी त्याला दार तिनंच उघडलं होतं.

सकाळी रविवार होता. जावं की नाही ते तिला ठरवता येईना, पण ओवीनं आपणहून बूट घातले आणि दारात उभी राहिली. चारुलतानं ओट्सचा डबा घेतला.

तळ्यावरची बदकं ओवीचं लाल जाकीट ओळखायची. तिनं हाक मारली नाही तरी ती पाणी कापत निघाली, नेहमीसारखी रांगेनं, पुढे ती मोठी मादी. ओवी काठावर ओठ घट्ट मिटून उभी होती. बदकं पायांशी येऊन थांबली आणि माना वर करून बघू लागली. आणि मग ओवीनं दोन्ही हात जोरात आपटले.

"गेट वेग! वेग!"

जा म्हणत होती, निघून जा. बदकं थोडी मागे सरकली आणि पुन्हा पुढे आली, त्यांना हा काही नवा खेळ वाटला असावा. ओवी टाळ्या वाजवत काठानं धावू लागली. तिचा आवाज चिरकत होता, नाक वाहत होतं. पलीकडच्या बाकावरून तीच, पावावरून झापणारी म्हातारी उठली आणि हातवारे करत इकडे यायला लागली, पक्ष्यांना त्रास देऊ नका असं काहीतरी ओरडत.

नको गं, लोक बघतायत, हे वाक्य चारुलताच्या जिभेवर आलंच होतं. ते तिनं तिथेच ठेवलं. डबा झाकण लावून गवतावर ठेवला, लेकीच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तीही टाळ्या वाजवू लागली. हात लाल होईपर्यंत. "जा गं बायांनो," ती मराठीत ओरडत होती, "कुणी बोलावलं तरी येऊ नका."

"कुणीबी," ओवी म्हणाली. आजीकडून उचललेला शब्द होता, मराठी.

बदकं पाण्याच्या मध्यापर्यंत गेली. ती मोठी मादी तेवढी थांबली, वळली आणि काठाकडे यायला लागली. ओवीनं पुन्हा हात वर केले.