मेघाचा हिरवा चौकोन

“सर, तुम्ही नसले तरी आमचा वर्ग चालते. मंग तुम्ही रोज कायले येता?”

शनिवारच्या सभेत, सगळ्या पोरांसमोर, मी हे विचारलं. प्रश्न खरा रूपाली आणि सुरभीचा. आदल्या दिवशी हापशीवर ताटं धुताना त्यांनीच तो काढला होता.

“विचारून दाखव बरं,” रूपाली म्हणाली. “विचारलं त मानतो तुले.”

“पुनी नाई विचारत वं,” सुरभी म्हणाली. “वर्ध्याले जाणार आहे न. आता लाडाची झाली ना सरांची.”

झालं. पुनी म्हणजे मी, पौर्णिमा. यावर गप्प बसणारी मी राहिलेली नाही. दोन वर्षांपूर्वी, पाचवीत असताना, हजेरीत माझं नाव आलं की शेजारची पोरगी माझ्या वतीने ‘हजर’ म्हणायची. आता सातवीत मी वेना गटाची प्रमुख आहे आणि माझा आवाज रस्त्यापलीकडच्या किराणा दुकानात ऐकू जातो, असं आई म्हणते. कौतुकाने म्हणते की कंटाळून, ते मी अजून विचारलेलं नाही.

प्रश्न अगदीच हवेतला नव्हता. त्या आठवड्यात प्रेमदास सर दोन दिवस प्रशिक्षणाला हिंगणघाटला गेले होते आणि आमचा वर्ग खरंच चालला होता. तिसरी ते सातवी आम्ही एका मोठ्या खोलीत बसतो. एकतीस जण, चार गट, गटांना नद्यांची नावं: वेना, धाम, यशोदा, बोर. सोमवारी जो तो आपल्या वहीत लिहितो, या आठवड्यात मी काय शिकणार. ज्याला जे येतं ते तो दुसऱ्याला शिकवतो. सर फिरत असतात, नाहीतर खिडकीत बसलेले असतात.

प्रश्न ऐकून सर रागावले नाहीत. हसलेही नाहीत. त्यांनी खडू घेतला आणि फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहिलं, ‘प्रेमदास सर रोज कशाला येतात?’ खाली माझं नाव.

आमच्याकडे रीतच तशी आहे. प्रश्न ज्याचा, शोध त्याचा. आठवडाभर बघायचं, वहीत लिहायचं आणि पुढच्या शनिवारी सभेत उभं राहून सांगायचं. मुंग्यांना गुळाचा पत्ता कोण देतं, असं गजेंद्रने विचारलं होतं, तर तो बिचारा पाच दिवस खिचडीच्या खोलीबाहेर उकिडवा बसला होता.

“पुढच्या शनिवारी पालक पण येणार आहेत,” सर म्हणाले. “बरं झालं. त्यांनाही ऐकायले भेटन.”

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी हसले.

आता वर्ध्याचं सांगते. वर्ध्याला जिल्ह्याचा बालमेळावा होता आणि आमच्या शाळेतून एकाने जाऊन आपला वर्ग कसा चालतो ते सांगायचं होतं. जायचं कोणी? सभेत ठरलं की ज्या गटाचा ‘जमलं’ तक्ता आधी भरेल त्याचा प्रमुख जाईल. हा तक्ता म्हणजे भिंतीवरचा मोठा पुठ्ठा. प्रत्येकाची एक ओळ, आणि ओळीत चौकोन: हातच्याची वजाबाकी, घड्याळ, न अडखळता एक पान वाचणे, असे. एखादी गोष्ट जमली की ज्याने त्याने आपला चौकोन हिरवा करायचा. कोणी परीक्षा घेत नाही, कोणी उलट विचारत नाही. तू म्हणतोस ना जमलं, मग जमलं.

आमचा वेना गट पहिला आला. धाम गटापेक्षा एका चौकोनाने पुढे.

त्या एका चौकोनाबद्दल इथेच सांगायला पाहिजे, पण जरा थांबते. आधी माझी वही दाखवते, म्हणजे मी किती शहाणी होते ते कळेल.

‘सोमवार. सर दहाला आले. कुलूप काढलं. खिडकीत बसले. काही केलं नाही.’

‘मंगळवार. यशोदा गटात पट्टीवरून भांडण. सर उठले नाहीत, पाहत राहिले. भांडण आपोआप मिटलं. काही केलं नाही.’

‘बुधवार. पाचवीच्या पोरांनी कापसाच्या गाठोड्याचं वजन अंदाजाने सांगितलं. चंदनने सांगितलं नव्वद किलो, निघालं बावीस. सर म्हणाले, परत उचलून पहा. एवढंच म्हणाले.’

रूपालीने वही वाचली आणि पोट धरून हसली. “पुने, सरांची नोकरी जाते वाटते तुझ्यापायी.”

मीही हसले. घरी बाबांना वाचून दाखवलं. बाबा हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहेत. त्यांनी तिथे सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की माझी पोरगी शनिवारी भरल्या सभेत भाषण देते आणि मंग वर्ध्याले जाते. मामाला आर्वीला फोन झाला होता. मामा शनिवारी पहिल्या एसटीने निघणार होता. माझ्यासाठी पांढरे सॅन्डल आले होते.

गुरुवारी मधल्या सुट्टीत सर वर्गात दिसले नाहीत. मी वही घेऊन निघाले. मनात म्हटलं, झोपलेले सापडले तर मजाच.

शाळेच्या मागे पाण्याची टाकी आहे, तिच्या ओट्यावर सर बसले होते. शेजारी मेघा. मेघा तिसरीत आहे, माझ्याच गटात. दोन शेंड्या, एक नेहमी सुटलेली. तिच्या मांडीवर पुस्तक होतं आणि ती शब्दाखाली बोट ठेवून वाचत होती.

“त... तळ्या... तळ्याच्या का... काठा...”

अडली की ती सरांकडे बघायची. सर टाकीवरच्या चिमणीकडे बघायचे. मग ती परत पुस्तकात बघायची. एक ओळ व्हायला इतका वेळ लागला की मी टाकीच्या आडोशाला एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले. सरांनी मधे शब्द सांगितला नाही. डबा बाजूला तसाच होता, झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं.

आणि मी वही तिथेच मिटली. कारण तक्त्यावर मेघाच्या ओळीत ‘न अडखळता एक पान वाचणे’ हा चौकोन हिरवा होता.

तो हिरवा कसा झाला ते आता सांगते.

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. आमच्या तक्त्यात तेवढा एकच चौकोन पांढरा उरला होता. धाम गटाचाही एकच. मी मेघाला तक्त्यापाशी नेलं आणि हिरवा पेन दिला.

“रंगव न.”

“ताई, मले नाई येत अजून.”

“येते वं. त्या दिवशी वाचला नाई का तू धडा? येतेच तुले.”

ती पेन धरून उभी राहिली. मी तिच्या मुठीवर माझी मूठ ठेवली आणि चौकोन भरला. कोपऱ्यातसुद्धा पांढरं राहू दिलं नाही. पेन तिच्या हातात होता, म्हणून नियम मोडला नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं होतं. एवढंच नाही, तिला शाबासकी पण दिली होती.

आणि हिरव्या चौकोनाचं काय होतं ते मला चांगलं माहीत होतं. मीच तर गटप्रमुख. ज्याचा चौकोन पांढरा, त्याला जोडीदार मिळतो, रोज अर्धा तास. हिरवा झाला की जोडीदार काढून दुसऱ्याला देतात. मेघाची जोडी सुरभीशी होती. त्याच दिवशी मी सुरभीला चौथीतल्या एका मुलाच्या भागाकाराला लावून दिलं. माझ्याच हाताने. तेव्हापासून मेघाजवळ वाचायला गटातलं कोणी बसलं नव्हतं.

सुट्टी संपायच्या आधी मी मेघाला हापशीपाशी गाठलं.

“मेघा, तू मले सांगतलं काऊन नाई, तुले वाचता येत नाई म्हणून?”

तिने हापशीचा दांडा सोडला. “तूच त म्हटलं होतं ताई, येते म्हणून. मले वाटलं येत असन, मलेच समजून नाई राह्यलं.”

माझा तो रस्त्यापलीकडे जाणारा आवाज, कुठे गेला कोणास ठाऊक.

“आता दोन ओळी येतात मले,” ती म्हणाली. “पूर्ण पान आलं का तुले वाचून दाखवतो. सर म्हणे, घाई नाई.” मग तिने ओल्या हाताने माझा हात धरला आणि म्हणाली, “तू वर्ध्याले माझं नाव पण सांगजो.”

दुपारभर मी वर्गात बसून होते. चंदन दोनदा येऊन विचारून गेला की लसावि समजावून देतेस का. मी त्याला रूपालीकडे पाठवलं. भिंतीवरच्या तक्त्याकडे माझी पाठ होती, तरी तो चौकोन कुठे आहे ते मला कळत होतं. आणि फळ्याच्या कोपऱ्यात माझं नाव होतं. चार दिवस ते बघून मला गुदगुल्या झाल्या होत्या. आता वाटत होतं, पुसता आलं तर. पण प्रश्न पुसायचा नाही, हीसुद्धा रीत आहे आणि ती सभेत मीच मांडली होती, मागच्या वर्षी, टाळ्या घेऊन.

शाळा सुटल्यावर सर कुलूप लावत होते. मी दप्तर पाठीवर घेऊन उभी राहिले.

“सर, तुम्हाले माहीत होतं?”

“काय?”

“मेघाचा चौकोन.”

सरांनी कुलूप ओढून पाहिलं. “ती माझ्यासमोर वाचत होती एक दिवस. मग तक्ता पाहिला, अन् तिले विचारलं.”

“कवाचं माहीत आहे?”

“अडीच-तीन आठवडे झाले.”

“मंग मले बोलले काऊन नाई? वर्ध्यासाठी माझं नाव आलं, तेव्हा पण नाई बोलले.”

सरांनी किल्ली खिशात ठेवली. “तेव्हा बोलायला पाहिजे होतं,” ते म्हणाले. “तू एवढी बोलायला लागली होती न पौर्णिमा. मला वाटलं, मी बोललो त परत गप होशीन. ते माझं चुकलंच असन.”

सरांनी ओरडायला पाहिजे होतं. ते ओरडले असते तर मी रडले असते आणि मोकळी झाले असते. हे भलतंच झालं. आता माझ्या चुकीत त्यांचीही एक चूक आली होती, आणि तीही माझ्यापायी.

“वहीत काय लिहू सर?”

“तुझा प्रश्न आहे. तुले दिसलं ते लिही.”

घरी येऊन मी लिहिलं. ‘गुरुवार. सरांनी डबा खाल्ला नाही.’ त्याच्या पुढे लिहायला पेन टेकवला आणि तसाच ठेवून दिला. सोमवार, मंगळवार, बुधवारच्या ओळी परत वाचल्या. काही केलं नाही, काही केलं नाही. यशोदा गटाच्या भांडणात सर पाहत राहिले होते, हे मीच लिहिलं होतं. पाहणं हे काम माझ्या हिशेबातच नव्हतं. मी गटप्रमुख असून तीन आठवडे मेघाकडे पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी सगळ्यांच्या आधी शाळेत गेले. तक्ता भिंतीवरून काढून टाकावा, असं एकदा मनात आलं, खोटं नाही बोलत. पण हात लावला नाही. गुपचूप रंगवलं होतं, परत गुपचूप काय करायचं.

संध्याकाळी बाबा कामावरून आले. डोक्यावर कापसाचे तंतू तसेच. हात धुवायच्या आधीच त्यांनी विचारलं, “पुने, भाषण झालं का पाठ? मामा निघून राह्यला उद्या सकाळी.” आई माझ्या ड्रेसची सुटलेली शिवण घालत होती. म्हणाली, “पोट्टी कालपासून बोलून नाई राह्यली. घाबरली असन.” बाबा हसले. “आपली पुनी अन् घाबरते?” त्यांनी सॅन्डल खोक्यातून काढून दाराशी जोडीने ठेवले, सकाळी सापडायला बरे म्हणून.

मी दोघांच्या समोर जाऊन बसले. आईने सुई थांबवली.

“बाबा, आई, मी वर्ध्याले नाई जाऊन राह्यली,” मी म्हणाले. “मेघाचा चौकोन मी खोटा रंगवला होता, म्हणून आमचा गट पहिला आला. उद्या सभेत मी हेच सांगणार आहो, सगळ्यांसमोर, अन् मेघाले विचारून तिच्या चौकोनावर पांढरा कागद लावणार आहो. सोमवारपासून तिची जोडीदार मी. सॅन्डल वापस होत असतील त करून टाका. पण सभेले तुम्ही दोघं येजा. मामाले पण आणजा.”