उपाशी घर्षण

सरांनी तिरप्या फळीच्या वरच्या टोकाशी धरलेला भरीव लोखंडी दंडगोल सोडून दिला. तो गडगडत खाली आला, टेबलावरून पुढे निघाला आणि पहिल्या बाकावरच्या मुलाने झेलला.

"उंची तीस सेंटिमीटर. खाली पोचताना वेग किती? ऊर्जेने सोडवा. उगाच बलांचे बाण काढत बसू नका."

वर्ग वह्यांवर वाकला. सरांनी फळ्यावर उंचीची ऊर्जा मांडली, तिचे दोन वाटेकरी मांडले, एक पुढे जाण्याचा आणि एक फिरण्याचा. मग फळीचा घर्षणांक दिलेलाच आहे म्हणून घर्षणाने खाल्लेली ऊर्जा वजा केली. आठवडाभर घसरत्या ठोकळ्यांची गणितं चालली होती आणि हात त्याच वळणाने गेला. उत्तर सेकंदाला दीड मीटरच्या आसपास आलं.

खिडकीजवळच्या मुलीने हात वर केला. वर्ष सुरू झाल्यापासून तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"सर, माझं दोन आलंय. मी घर्षण वजा केलं नाही."

"का बरं?"

"तो घसरत नाहीये ना. जिथे टेकलाय तिथे त्या क्षणी तो थांबलेलाच असतो. मग घर्षण ऊर्जा कशी खाईल?"

"वा!" सर वर्गाकडे वळले. "म्हणजे बाईसाहेबांच्या घरी घर्षण पाहुणं आलं, आणि यांनी त्याला उपाशीच परत पाठवलं!"

वर्गात हशा फुटला. मागच्या बाकांनी तर टेबलं बडवली. सर शिकवता शिकवता हसवतात, अशी त्यांची ख्याती होती. दुसऱ्या तुकडीची मुलं चोरून येऊन बसत, आणि सरांनाही त्याचं मनातून कौतुक होतं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, हे खरं तर दुसऱ्यांबद्दल म्हणायचं असतं. सरांनी त्याचं भांडवल केलं होतं.

हशा चालू असतानाच त्यांची नजर फळ्याकडे गेली. मुलगी बरोबर होती. घर्षण इथे दंडगोलाला फक्त फिरवतं, त्याच्या ऊर्जेतला कणही खात नाही. इतकी साधी गोष्ट. वीस वर्षं ते स्वतःच हे वर्गांना बजावत आले होते.

एवढं म्हणायचं होतं: थांबा, हिचं बरोबर आहे. तोंड उघडलंही. पण वर्ग अजून हसत होता, त्यांच्यासाठी हसत होता, आणि ते हसू हातचं घालवायला जीव होईना. तेवढ्यात घंटा झाली. मुलीने मान खाली घालून वहीतलं काहीतरी खोडलं.

दुपारी जिन्यात मागून कुणीतरी ओरडलं, "ए उपाशी!" ती न वळता उतरत गेली. सर भिंतीवरची सूचना वाचत उभे राहिले. सूचना गेल्या वर्षीची होती.

संध्याकाळी चहा समोर निवला तेव्हा बायकोने विचारलं, "काय बिघडलंय?"

त्यांनी सांगितलं. निम्मं सांगितलं, चूक झाली एवढं. कधी कळली ते सांगितलं नाही.

"मग उद्या सांगून टाका. तोंड आहे ना? पोरांना हसवायला बरं चालतं ते!"

"सांगतो गं. जरा बेताने सांगायला हवं."

बेत रात्रीपर्यंत तयार झाला. कालच्या गणितात एक गंमत राहिली होती, असं म्हणायचं. तिलाच फळ्याशी बोलवायचं, तिच्याकडून दोन काढून घ्यायचं आणि शाबासकी द्यायची. म्हणजे सापही मरेल आणि काठीही तुटणार नाही. बेत इतका गुळगुळीत जमला, की त्यांना स्वतःचीच किळस आली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला बोलावलं. ती उठली, खडू घेतला आणि एकदाही न अडखळता गणित मांडलं. उंचीची ऊर्जा, पुढे जाण्याची, फिरण्याची. मग घर्षणाची ऊर्जा वजा केली. दीडच्या आसपास. खाली रेघ मारली.

"काल चुकले होते, सर," ती म्हणाली. "घरी परत परत केलं. आता कळलं."

"जेवली, जेवली!" मागून आवाज आला.

सर फळ्याकडे पाहत राहिले. तिच्या अक्षरात त्यांची चूक फारच नीटनेटकी दिसत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हे चूक आहे," ते म्हणाले.

वर्ग हसला. मुलांना सवय होती. आणि ती, वर्गाकडे पाठ करून उभी असलेली ती मुलगीही, या वेळी सगळ्यांबरोबर हसली आणि तळहाताने उत्तर पुसू लागली.

"तिचं नाही. माझं चुकलं. काल तिचं बरोबर होतं."

आता तर टेबलं बडवली गेली. गंभीर चेहऱ्याने बोलण्यातच सरांची खरी करामत, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"गंमत करत नाहीये मी!"

यावरही एक रांग खिदळली. पण मुलीचा हात थांबला होता. ती वळली, सरांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, आणि तिच्या ओठांवरचं हसू विरलं.

"दोनच होतं?"

"दोनच."

"कधी कळलं, सर?"

घरी गेल्यावर. हे उत्तर जिभेच्या टोकावर तयार होतं, आणि त्याने कुणाचं काही बिघडलंही नसतं.

"तेव्हाच," सर म्हणाले. "हे सगळे हसत होते ना, तेव्हाच."

आता कुणी हसलं नाही. सरांनी खडूसाठी हात पुढे केला. मुलीने खडू टेबलावर ठेवला आणि ती जागेवर जाऊन बसली.