चार पायांची तक्रार

मी एक जुने जेवणाचे टेबल आहे आणि, मित्रांनो, आधीच सांगते, मी रागावलेले आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना हळवे व्हावे, गेलेल्या दिवसांसाठी उसासे टाकावेत, अशी तुमची अपेक्षा असेल. उसासे मीही टाकीन. पण माझ्या चारही पायांच्या तळाशी करवतीच्या खुणा आहेत, आणि ती करवत चालवणाऱ्या माणसाची कोपरे मी चौदा वर्षे निमूटपणे तोलली आहेत. ही गोष्ट माझ्या पायांची आहे. खरे तर ती एका लहान मुलीच्या समोर रिकाम्या राहिलेल्या खुर्चीची आहे.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. कारखाना कसला, पत्र्याची एक लांबट खोली होती. तिच्या छपराला पडलेल्या भोकांतून दिवसभर उजेडाची नाणी खाली पडत आणि भुशात मिसळून जात. सुताराच्या एकुलत्या एका लेकीचे लग्न ठरले होते आणि तिच्या नव्या घरासाठी तो मला घडवत होता. माझे चारही पाय त्याने एकाच सागवानी फळीतून काढले, एका रंगाचे आणि एका वयाचे. कोपऱ्यातून कोपऱ्यात दोरी ताणून तो माप घेई, मग एक डोळा मिटून बराच वेळ नुसता पाहत राही. घाई त्याच्या हातांना ठाऊकच नव्हती. शेवटचे पॉलिश झाले तेव्हा तो लेकीला म्हणाला, "टेबलाला पाय आहेत हे बसणाऱ्याला आठवताच कामा नये. आठवलं, की समज काहीतरी बिघडलं."

पहिली दहा-बारा वर्षे माझे पाय कुणालाही आठवले नाहीत. मी खिडकीशी उभे असे. लेकीचे यजमान चष्म्याचे दुकान चालवीत. दुपारी ते जेवायला घरी येत आणि आपल्या गिऱ्हाइकांच्या नकला करीत. लेक शाळेत मुलांना व्यायाम शिकवी. मग त्यांना मुलगी झाली. गालात घास धरून ठेवायची तिला सवय, म्हणून सगळे तिला खारूताई म्हणू लागले. तिने माझ्या कडेवर दातांची नक्षी केली, माझ्या पोटाखाली घर मांडले. माझ्यावर गरम भांड्यांचे वर्तुळाकार डाग पडत गेले. ते मला कधी डाग वाटले नाहीत. झाडाला वर्षागणिक एक वलय वाढते, तशी ती मला माझीच वाढ वाटली.

मग लेकीने शाळेची नोकरी सोडली आणि ती सल्लागार झाली. मोठमोठ्या कचेऱ्यांत आणि कारखान्यांत जाऊन ती माणसांना संतुलित आयुष्यावर व्याख्याने देऊ लागली. तिने एक मोठे रंगीत वर्तुळ काढले होते आणि त्याचे आठ भाग केले होते. झोप, आहार, व्यायाम, मनाची शांतता, नाती, छंद असे काय काय त्यांत लिहिलेले असे. प्रत्येक भागाला रोज दहापैकी गुण द्यायचे आणि कुठलाच भाग लंगडा पडू द्यायचा नाही, असे तिचे सांगणे. सांगणे चांगलेच होते. माझा राग त्या वर्तुळावर नाही. त्या वर्तुळासाठी घरात काचेचे एक टेबल आले, कामाचे, आणि त्याला खिडकी हवी होती, यावर माझा राग आहे.

मला स्वयंपाकघरात हलवले गेले. तिथली फरशी एका कोपऱ्यात सांडपाण्याच्या जाळीकडे उतरत गेली होती, पाणी वाहून जावे म्हणून मुद्दाम तशी बसवलेली. माझा एक पाय त्या उतारावर आला आणि अधांतरी राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच मी डगमगले. पेल्यातले दूध सांडले आणि ते नेमके लेकीच्या कागदांवर गेले.

"हे टेबल आता म्हातारं झालंय," यजमान म्हणाले.

मित्रांनो, मी म्हातारे झाले नव्हते. मला चुकीच्या जागी उभे केले गेले होते. या दोहोंतला फरक ज्याला कळत नाही, त्याने कुणाच्याही म्हातारपणाबद्दल बोलू नये.

आधी पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली गेली. ती ओली होऊन कुजली. मग एका रविवारी यजमानांनी करवत आणली. भिंगात केसाएवढा फरक ज्याला खपत नाही, त्या माणसाने मला उलटे पाडले, चारांपैकी जो पाय त्यांना लांब वाटला तो नजरेच्या अंदाजाने बोटभर कापला आणि मला पुन्हा उभे केले. मी दुसऱ्या बाजूला डगमगले. त्यांनी दुसरा पाय कापला. आठवडाभर बरे गेले. मग फरशी पुसताना कुणीतरी मला वीतभर सरकवले आणि पुन्हा तेच. तिसरा पाय कापला, चौथा कापला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. शेजारच्या वहिनी साखर मागायला आल्या होत्या, त्या दारातच थबकल्या. म्हणाल्या, "चालू द्या भाऊजी. पुढच्या वर्षापर्यंत याचं पायपुसणं होईल. तेही सागवानी."

सगळे हसले. मीही हसले असते, पण त्याच महिन्यांत मी दुसरी एक करवत पाहत होते आणि तिचा आवाज मात्र कुणालाच येत नव्हता. लेकीला व्यायामाला वेळ पुरेना, म्हणून तिने सकाळच्या खाण्यातला अर्धा तास काढला. आहाराचे गुण घसरले, तेव्हा डबा नीट भरता यावा म्हणून झोपेतला तास काढला. झोपेचे गुण घसरले, तेव्हा नणंदेला शनिवारी करायचा फोन बंद केला. दोघी त्या फोनवर पोट धरून हसत असत. एका भागातून कापून ती दुसरा भाग सारखा करी, आणि रोज संध्याकाळी गुण मांडताना तिचा चेहरा आदल्या दिवसापेक्षा थोडा अधिक ओढलेला असे. कामाच्या भागाला मात्र तिने कधी हात लावला नाही. तो भाग म्हणजे जणू फरशीच. फरशी कशी असते हे कुणी तपासत नाही.

मी बुटके होत गेले. खारूताई वाढत होती. तिचे गुडघे माझ्या कडेला आपटू लागले, म्हणून ती तिरकी बसून एकटीच जेवू लागली. यजमान आता दुकानातच जेवत. लेक उभ्याने दोन घास तोंडात टाकी आणि काचेच्या टेबलाकडे परत जाई.

एके सकाळी तिचे सर्वांत मोठे व्याख्यान होते. साडेतीनशे कामगार, वर मोठे साहेब. विषय अर्थातच संतुलन. आदल्या दुपारपासून तिच्या पोटात धड काही नव्हते. बूट चढवताना तिला घेरी आली आणि आधारासाठी तिने दोन्ही तळवे माझ्या कोपऱ्यावर टेकले. मित्रांनो, एखाद्याचा भार झेलण्यासाठीच तर मला घडवले होते. मी झेलू शकले नाही. मी कलंडले आणि ती मनगटावर पडली. खारूताई दप्तर घेऊन दारात उभी होती. ती रडली नाही. तिने आईचा पडलेला बूट उचलला आणि छातीशी धरून ठेवला.

हाताला प्लास्टर बसले, आणि दोष कुणाचा ठरला? माझा. "रविवारी भंगारवाल्याला बोलावतो. हे टेबल एक दिवस जीव घेईल," यजमान म्हणाले.

शनिवारी सुतार आला. लेकीचा हात पाहायलाच तो आला होता. पण बसता बसता त्याने सवयीने माझ्या कडेवरून बोट फिरवले आणि तो थांबला. खाली वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"याचे पाय कोणी कापले?"

त्याने पिशवीतून पाणसळ काढली; सपाटी पाहायची ती त्याची जुनी लाकडी पट्टी, मधल्या काचेतल्या पाण्यात हवेचा एक बुडबुडा असलेली. माझ्यावर ठेवली. मग फरशीवर ठेवली. बुडबुडा पळत एका टोकाला गेला.

"जावईबापू," तो शांतपणे म्हणाला, "तुमच्याकडे गिऱ्हाईक आलं की आधी डोळे तपासता, की आधी नाक कापता?"

यजमानांनी आपला चष्मा काढून उगाच पुसला.

"आणि हे इथं कशाला आणलं? हे खिडकीत होतं."

"तिथे आईचं टेबल आहे," खारूताई म्हणाली.

"बाबा, मला वेळच पुरत नाही हो," लेक म्हणाली. "सगळीकडून थोडं थोडं कापून कसंतरी सारखं करते मी. पण घराकडे दुर्लक्ष केलेलं नाही. हिलासुद्धा मी तक्ता करून दिलाय, बघा. घरच्यांसोबतचा वेळ. रोज दहापैकी दहा. तिनं स्वतः दिलेत."

सुताराने तक्ता हातात घेतला. "खरंच की. दहा कसे काय गं, खारूताई?"

"मी जेवते ना, तेव्हा इथून आईची पाठ दिसते," ती म्हणाली. "माझं जेवण होईपर्यंत दिसते. म्हणजे ती पूर्ण वेळ असतेच की."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. हिशेब बरोबर आल्याचे समाधान होते. मी आजवर पुष्कळ भार तोलले आहेत, पण त्या उत्तराइतके जड माझ्यावर कधी काही ठेवले गेले नव्हते. लेकीने तक्ता वडिलांच्या हातून परत घेतला, त्यावरची दहांची सरळ रांग वरपासून खालपर्यंत पाहिली, आणि प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून ती माझ्यापाशी बसली. तिचे गुडघे माझ्या कडेला आपटले. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदाच माझ्यापाशी बसली होती. मी किती बुटके झाले आहे हे तिला तोवर ठाऊकच नव्हते.

"बाबा, याचे पाय परत वाढवता येतील?"

"जोड द्यावा लागेल. दिसेल तो."

"दिसू दे."

दोन दिवस त्याने माझ्या पायांना तुकडे जोडले. नव्या लाकडाचा रंग वेगळा आहे आणि तो तसाच राहणार. मी खिडकीत परत आले. काचेचे टेबल स्वयंपाकघराच्या त्या उतारावर गेले. लेकीची चाकांची खुर्ची तिथे टिकतच नाही, ती बसली की हळूहळू जाळीकडे घरंगळू लागते. तासाभरात वैतागून ती उठते. सुताराला हे आधीच कळले होते असा माझा संशय आहे. साडेतीनशे कामगारांपुढचे ते हुकलेले व्याख्यान तिने महिनाभर पुढे ढकलले, आणि दुपारनंतरची कामे घेणे बंद केले. पहिल्यांदाच करवत योग्य ठिकाणी चालली.

मी खिडकीत परतले त्या संध्याकाळी तिघे माझ्याभोवती बसले. जेवण झाल्यावर खारूताईने तक्ता उघडला आणि खूप विचार करून त्या रकान्यात चार लिहिले.

"चारच?" आईने विचारले.

"तू दोनदा उठलीस. आणि एकदा फोन बघितलास, टेबलाखालून."

आईने ते चार खोडले नाहीत. फोन मात्र उचलून आतल्या खोलीत ठेवून आली.

मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही. माझ्या पायांतल्या सांध्यांसारखा तो राहील आणि दिसेल. एखादी गोष्ट डगमगू लागली, की तिलाच कापायला धावू नका. ती कुठे उभी आहे ते आधी पाहा. तिला तिथे कुणी ढकलले तेही पाहा. झोप, जेवण, हसणे, सोबत, ही काही उरलेली फळी नव्हे, हवी तेव्हा बोटभर काढून घ्यायला. त्यांच्यावर तुम्ही उभे आहात. आणि तुमच्या समोर बसून कुणी तुमची पाठ मोजत असेल, तर कृपा करून वळा.

या, खुर्ची ओढा. दोन्ही कोपरे टेका, सगळा भार टाका. मी आता हलत नाही.